जुना कार्बोरेटर गॅरेजवाल्याच्या हातात देऊ नका

माझे ७९,२०० रुपये गेले. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. इथे सांगतोय, कारण आमच्या पट्ट्यात जुन्या गाड्या सांभाळणारे आणखी काही जण आहेत आणि तो गॅरेजवाला त्यांच्यापर्यंत पोचणारच.

गाडी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, १९६९ ची फोक्सवॅगन बीटल. साधी नव्हे, ऑटोमॅटिक स्टिकशिफ्ट. गिअर तीन, क्लचचं पेडल नाही. गिअरच्या दांड्याला हात लागला की आतला स्विच जुळतो आणि इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढण्याच्या जोरावर, क्लच सुटतो. हात काढला की बसतो. म्हणून आप्पा ओरडायचे, "दांड्यावर हात टेकवून बसू नकोस."

गणपतीच्या दिवसांत ती चढाला दम खायला लागली. भाच्याने महामार्गालगतच्या एका गॅरेजचा नंबर दिला. सोलेक्स म्हणजे गाडीचा मूळ कार्बोरेटर, इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा. गॅरेजवाला म्हणाला, "काका, हा सोलेक्स संपला. दोन बॅरलचा बसवू, पिकअप दुप्पट." ३८,५०० ठरले. २०,००० यूपीआयने, १८,५०० रोख. जुना कार्बोरेटर बदल्यात जमा. रोखीची पावती मी मागितली नाही, तुम्ही मागा, समोरचा कितीही गोड बोलू दे. मी अडाणी नाही, तीस वर्षं ही गाडी चालवतोय. पण आप्पांचा मेस्त्री वारल्यापासून दापोलीत हिला हात लावणारा कोणी उरलेला नाही. मी जाणार कुठे?

ट्रायलला तो स्वतः बसला आणि पूर्ण वेळ डावा हात दांड्यावर. गाडी उजव्या स्टिअरिंगची, मी शेजारी, तो हात माझ्या डोळ्यांसमोर. इंजिन मोकळं किंचाळत होतं, कारण क्लच सुटलेला होता, आणि तो म्हणत होता, "बघा, रेस कशी घेते!" आप्पांनी ज्यावरून मला शंभरदा झापलं, तेच हा माणूस करत होता आणि मी मान डोलावत होतो. तिथेच त्याला खाली उतरवायला हवं होतं. रात्री जाग आली की मला अजून तो हात दिसतो.

दुसरी खूणही होती. एका बारीक रबरी नळीच्या तोंडात त्याने स्क्रू ठोकला होता. विचारलं तर म्हणाला, "ती प्रदूषणाची, आपल्याकडे लागत नाही." नंतर गाडी ओढेना, तर कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्राचे भाग, बदलायचे आणखी ४,२०० घेतले. त्याच दिवशी परत येताना परशुराम घाटात गिअर बदलला, इंजिन ओरडलं, गाडी जागची हलेना आणि जळका वास. टेम्पोवर चढवून घरी आणायचे ५,५००. नवीन क्लच प्लेट आणि मजुरी ३१,०००, कोल्हापूरच्या मेस्त्रीकडे. त्यानेच दाखवलं: ती नळी कार्बोरेटरच्या व्हेंचुरीतून, म्हणजे आतल्या अरुंद गळ्यातून, क्लचच्या कंट्रोल व्हॉल्व्हला जाते. रेस जास्त असेल तर क्लच झटकन बसवायचा, हे तिच्यामुळे ठरतं. ती बंद केली की प्लेट घासत घासत बसते आणि चढावर जळते. नवीन कार्बोरेटरला ती नळी लावायला जागाच नव्हती. तुमची गाडी अशी असेल तर कार्बोरेटर बदलण्याआधी मेस्त्रीला विचारा, ही नळी कुठे जोडणार. उत्तर आलं नाही तर गाडी काढून घ्या.

आणि आमचा सोलेक्स? पंधरा दिवसांनी विकाऊ म्हणून फोटो आला, २६,००० ला. बॉडीवर आप्पांनी पंचने मारलेले तीन ठिपके स्पष्ट दिसत होते. सुटा केलेला प्रत्येक भाग त्याच दिवशी घरी आणा, भंगार म्हणाला तरी आणा.

पोलीस ठाण्यात तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा, "तुम्हीच गाडी दिलीत, तुम्हीच पैसे दिलेत, हे दिवाणी प्रकरण." तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पण पोच द्यायला नकार. जाहिरातीचा फोटो पुढे धरला तर म्हणाले, "जुना पार्ट म्हणजे भंगारच ना?" माझ्या बापाची वस्तू माझ्याकडून खोटं बोलून काढून घेतली, ती विकायला काढली, आणि मी यांना फसवणूक म्हणजे काय ते समजावायचं? यांच्या घरातलं कोणाचं असं गेलं असतं तर? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मुलीने शांतपणे ऐकलं, तक्रार क्रमांक दिला. महिन्याने मेसेज, तक्रार बंद. कारण, बिल नाही.

आता ग्राहक आयोगात जातोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची, म्हणून कंटाळून गप्प बसू नका. यूपीआयची नोंद, जाहिरातीचा फोटो आणि स्क्रू ठोकलेली ती नळी मी जपून ठेवली आहे.

तीन ठिपक्यांचा सोलेक्स कोणी घेतला असेल तर कळवा. तुम्ही दिलेले पैसे पूर्ण देईन, काही विचारणार नाही.