कपॅसिटर बदलून काढलेला उन्हाळा: वापरानंतरचा अनुभव

आमचा दीड टनाचा साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला स्प्लिट एसी. घर नागपुरात, खोली पश्चिमेची. एप्रिलच्या सुरुवातीला कूलिंग एकदम बंद झालं. आतला ब्लोअर व्यवस्थित, हवा भरपूर, पण कोमट. गच्चीवर आउटडोअरजवळ उभं राहिल्यावर प्रकार कळला. पंखा फिरत होता, कॉम्प्रेसर मात्र काही सेकंद नुसता घुमायचा, मग टक् आवाज होऊन गप्प. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

पहिल्या मेकॅनिकनं मीटर न लावताच सांगून टाकलं की गॅस संपलाय, नाहीतर कॉम्प्रेसर गेलाय. मला हे पटेना. गॅस बंद पाइपांतच फिरत असतो, वापरून संपत नाही. कुठे लीक असेल तरच कमी होतो, आणि तेव्हा कॉम्प्रेसर सहसा चालूच असतो, बऱ्याचदा बारीक पाइपवर बर्फही धरतो. इथे तर तो सुरूच होत नव्हता.

मग ओळखीचा मेकॅनिक बोलावला. त्यानं आधी एमसीबी पाडला, झाकण काढलं, रेझिस्टर लावून कपॅसिटर (चार्ज साठवणारा, मोटर चालवायला मदत करणारा भाग) डिस्चार्ज केला. मेन बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो आणि झटका जबर बसतो, त्यामुळे हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. कपॅसिटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डबीचं वरचं तोंड चक्क घुमटासारखं फुगलं होतं. "दादा, हे बघा," म्हणत त्यानं मीटर माझ्यासमोर धरलं. डबीवर छापलेलं ५० मायक्रोफॅरड (कपॅसिटरच्या क्षमतेचं एकक), अधिक-उणे ५ टक्के. म्हणजे किमान ४७.५ हवं. मीटरवर ३१.

सिंगल फेज कॉम्प्रेसरच्या मोटरला फिरायला दुसऱ्या वाइंडिंगमधला (तारेच्या गुंडाळीतला) करंट पुढेमागे झालेला लागतो, ते काम कपॅसिटरचं. तो उतरला की मोटर अडकते, भरमसाट करंट ओढते आणि ओव्हरलोड, म्हणजे मोटर वाचवणारा स्विच, तिला तोडतो. तो टक् आवाज त्याचाच. असाच चालवत राहिलो असतो तर वाइंडिंग खरंच जळलं असतं.

नवा कपॅसिटर ५० मायक्रोफॅरडचाच, ४४० व्होल्टचा घेतला. व्होल्टेज रेटिंग जास्त चालतं, कमी अजिबात नको. वायरच्या टोकाची काळी पडलेली एक लग बदलली. सगळं मिळून खर्च शेकड्यांत, गॅस-कॉम्प्रेसरची भाषा हजारांची होती.

मे महिना, नवतपा, सगळं या एसीनं निभावलं. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं तरी कॉम्प्रेसर पहिल्या झटक्यात उचलतो. लाइट बिलात फरक दिसला नाही, तो मी धरलाही नव्हता. कपॅसिटरला उष्णता मारते, म्हणून आउटडोअरवर हवेला मोकळी जागा सोडून पत्र्याची सावली केली. हा खर्च मला सर्वांत योग्य वाटतो. ऑक्टोबरात सर्व्हिसिंगच्या वेळी रीडिंग घ्यायला लावलं: ४९.६.

इन्व्हर्टर एसीच्या कॉम्प्रेसरला हा कपॅसिटर नसतो. तिथे कॉम्प्रेसर सुरू होत नसेल तर एरर कोड बघून आउटडोअरचा पीसीबी (सर्किट बोर्ड) तपासून घ्या.