टिकाल, काराकोल की कालाकमुल? माया अवशेष आणि जंगल एकाच सहलीत पाहायचं तर

माया संस्कृती म्हटलं की बहुतेकजण कानकूनला उतरतात आणि बसने चिचेन इत्साला जातात. तिथली वास्तू सुरेख आहे, पण पिरॅमिडवर चढायला कित्येक वर्षांपासून बंदी आहे, दहानंतर फेरीवाले आणि टूरच्या बसगाड्या यांचीच दाटी असते आणि जंगल नावापुरतं उरलेलं आहे. दगडाइतकंच जनावरांचंही आकर्षण असेल, तर खरे पर्याय तीन: ग्वातेमालातलं टिकाल, बेलीझमधलं काराकोल आणि मेक्सिकोतलं कालाकमुल. देश तीन, पण जंगल एकच, सलग.

या तिन्ही शहरांत युती आणि वैर दोन्ही होतं, हे पाहताना लक्षात ठेवलं तर मजा वाढते. पुढे कालाकमुलहून राज्य केलेल्या सर्प घराण्याने काराकोलला हाताशी धरलं आणि इ.स. ५६२ मध्ये टिकालचा पराभव झाला. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं टिकालमध्ये मोठं बांधकाम जवळपास थंडावलं. ६९५ मध्ये टिकालच्या जसाव चान कविल राजाने कालाकमुलला हरवून वचपा काढला. टिकालच्या चौकातलं प्रसिद्ध पहिलं मंदिर त्याच राजाच्या दफनावर उभं आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. एकच ठिकाण निवडायचं असेल तर टिकाल, आणि तिथे दोन रात्री. कारण साधं आहे. उष्ण जंगलात प्राणी-पक्षी दिसतात ते उजाडल्यानंतरचे दोन तास आणि मावळण्याआधीचे दोन तास. त्या वेळी तुम्ही फाटकाच्या आत असता की हॉटेलात नाश्ता करत असता, यावर निम्मी सहल ठरते. तिन्ही ठिकाणांतला मुख्य फरक इथेच आहे.

टिकाल: आत राहता येतं

टिकाल राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झालं. क्षेत्रफळ ५७६ चौरस किलोमीटर. १९७९ मध्ये सांस्कृतिक आणि नैसर्गिक अशा दोन्ही निकषांवर ते जागतिक वारसा यादीत गेलं. दर्शनाची वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ६. अवशेषांच्या प्रवेशद्वारापाशीच, उद्यानाच्या आत, मोजकी हॉटेलं आहेत. महाग वाटतील, वीज बऱ्याचदा जनरेटरवर आणि ठरावीक तासच असते, जेवण बेताचं. तरीही तिथेच राहावं. जवळचं शहर फ्लोरेस इथून साधारण ६५ किलोमीटर, म्हणजे गाडीने दीड तास. तिथून सकाळी निघालेला माणूस आठच्या पुढे पोहोचतो, तोवर स्पायडर माकडं उंच शेंड्यांवर गेलेली असतात आणि ऊन चढलेलं असतं. खिसा सांभाळायचा असेल तर पेतेन इत्सा सरोवराकाठचं एल रेमाते हे गाव मधला मार्ग आहे. फ्लोरेसच्या मानाने प्रवास निम्मा होतो.

चौथं मंदिर सुमारे ६५ मीटर उंच आहे. बाजूच्या लाकडी जिन्याने वर जाता येतं. पहिल्या मंदिरावर चढू देत नाहीत. सूर्योदयासाठी चौथ्या मंदिरावर जायचं तर वेगळं जादा तिकीट आणि परवानाधारक मार्गदर्शक लागतो, पहाटे चारच्या सुमारास निघावं लागतं. इथे बऱ्याच जणांची निराशा होते. पावसाळी जंगलावर पहाटे धुकं असतं, त्यामुळे सूर्य दिसेल याची खात्री नसते. दृश्यासाठी जाऊ नका, आवाजासाठी जा. हाउलर माकडांची डरकाळी कित्येक किलोमीटर ऐकू येते आणि अंधारात ती माकडाची आहे यावर विश्वास बसत नाही.

दिसण्याची शक्यता चांगली असलेले प्राणी: स्पायडर माकड, हाउलर, कोआटींचे (रॅकूनच्या जातकुळीतल्या लांब नाकाच्या प्राण्यांचे) कळप, मोठ्या चोचीचे टूकान पक्षी, राखाडी कोल्हा आणि ऑसेलेटेड टर्की. ही टर्की फक्त युकातान द्वीपकल्प, उत्तर ग्वातेमाला आणि बेलीझमध्ये आढळते, आणि टिकालच्या चौकात कोंबडीसारखी फिरते. ग्वातेमालाचा राष्ट्रीय पक्षी केत्साल मात्र इथे शोधू नका. तो आल्ता व्हेरापासच्या थंड, ढगाळ डोंगरांत राहतो, त्यासाठी वेगळा मुक्काम हवा. हाउलरांच्या थेट खाली उभं राहू नये. ते वरून शी-शू करतात, आणि ते नेहमीच अपघाताने होतं असं नाही.

तिथल्या बुंध्यांवर नागमोडी काप दिसले तर थांबा. ती चिकूची झाडं. आपल्याकडे घोलवड-डहाणूला ज्याच्या बागा आहेत तोच वृक्ष, मूळचा या भागातला. त्याचा चीक काढून च्युइंगम बनवायचे, त्यासाठीचे ते काप. आणि लाकूड इतकं टणक की मायांनी मंदिरांच्या दारांवरच्या तुळया त्याच्याच घातल्या. चौथ्या मंदिरातली एक कोरीव तुळई आता स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संग्रहालयात आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर याशहाला जाता येतं. सरोवराकाठचं हे शहर टिकालच्या आग्नेयेला आहे, गर्दी नगण्य, २१६ क्रमांकाच्या वास्तूवरून सूर्यास्त पाहायची सोय आहे. परतताना अंधार होतो, म्हणून परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा.

टिकालमध्ये पूर्ण फेरी आठ-दहा किलोमीटर चालण्याची आहे. माणशी किमान दोन लिटर पाणी, तिकिटासाठी पासपोर्ट आणि रोख केत्साल (ग्वातेमालाच्या चलनाचंही नाव हेच) फ्लोरेसला लागून असलेल्या सांता एलेनातूनच घेऊन निघा. आत एटीएमच्या भरवशावर राहू नये.

कालाकमुल: जंगल मोठं, फाटक उशिरा

आकाराने हे सगळ्यांत भव्य. कालाकमुल राखीव जीवावरण १९८९ पासूनचं आहे, क्षेत्रफळ सव्वासात लाख हेक्टरच्या आसपास. 'वास्तू २' नावाचा पिरॅमिड सुमारे ४५ मीटर उंच. वर गेलं की क्षितिजापर्यंत फक्त हिरवं दिसतं. शंभराहून जास्त शिलास्तंभ आहेत, पण चुनखडी मऊ असल्याने बहुतेकांवरची अक्षरं झिजली आहेत. कोरीवकामासाठी जाणार असाल तर हे ठिकाण चुकीचं. त्यासाठी पालेंके किंवा होंडुरासमधलं कोपान बरं.

अडचण आहे ती पोहोचण्याची. १८६ क्रमांकाच्या महामार्गावरून कोनवास गावाजवळ फाटा फुटतो आणि तिथून आत ६० किलोमीटरचा अरुंद रस्ता जातो. या रस्त्याला तास-दीड तास लागतो, कारण वळणावर टर्की, कोल्हे, क्वचित साप आडवे येतात, आणि सावकाशच जायला हवं. वाटेत पेट्रोल नाही, मोबाइलची रेंज नाही. अवशेषांपाशी पोटभर जेवण मिळेल असं समजू नका. शुल्क तीन वेगवेगळ्या ठिकाणी भरावं लागतं: सुरुवातीला गावाच्या सामूहिक जमिनीचं, मग राखीव क्षेत्राचं, शेवटी अवशेषांचं. सुटे पेसो हवेतच.

अवशेषांचा भाग आठच्या सुमारास उघडतो आणि पाचला बंद होतो. म्हणजे प्राण्यांची खरी वेळ रस्त्यावरच घालवायची. म्हणून श्पुहिल या गावाऐवजी कोनवासच्या फाट्याजवळ मुक्काम करावा. श्पुहिल फाट्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर मागे आहे आणि तेवढ्यात पहाट निघून जाते. चेतुमालकडून येणाऱ्यांनी घड्याळही पाहावं. चेतुमाल ज्यात येतं ते किंताना रोओ राज्य कालाकमुलच्या कांपेचे राज्यापेक्षा एक तास पुढे आहे, त्यामुळे राज्याची हद्द ओलांडल्यावर एक तास मिळतो. परतीच्या विमानाचा हिशोब करताना तोच तास जातो, आणि घोटाळा तिथे होतो.

मग कालाकमुलला जायचं कशासाठी? मार्च ते मेच्या कोरड्या महिन्यांसाठी. या प्रदेशात नद्या जवळपास नाहीत, पाणी चुनखडीतून खाली झिरपतं. पावसाचं पाणी फक्त आग्वादा म्हणतात त्या उथळ तळ्यांत साठतं. ती आटत आली की उरलेल्या पाण्याभोवती टेपिर (आखूड सोंडेसारख्या नाकाचा मोठा प्राणी), रानडुकरासारखे पेकारी, हरणं जमतात. तिन्ही ठिकाणांत मोठे सस्तन प्राणी दिसण्याची शक्यता या काळात इथे अधिक, पण स्थानिक मार्गदर्शक हवा आणि त्याची भाषा बहुधा स्पॅनिश असेल. उन्हाचा तडाखा सोसावा लागतो.

महामार्गालगतच वटवाघळांची गुहा आहे. सूर्यास्ताला लाखोंचा थवा भोवऱ्यासारखा वर उठतो. काठावर उभं राहून पाहावं, तोंडाला मास्क लावावा, गुहेत उतरू नये. विष्ठेतल्या बुरशीमुळे फुप्फुसांचा हिस्टोप्लाझ्मोसिस हा आजार होतो.

भाड्याची गाडी जवळपास अपरिहार्य आहे. इंटरनेटवर दिसणाऱ्या स्वस्त दरात तृतीय पक्षाचा विमा बहुधा धरलेला नसतो. तो काउंटरवर घ्यावाच लागतो आणि बिल दुप्पट होऊ शकतं. गावांतले गतिरोधक अनेकदा बिनरंगाचे असतात, त्यामुळे रात्री गाडी चालवू नका. २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालेली माया रेल्वे या बाजूलाही येते, पण स्थानकापासून पुढच्या वाहनाची सोय पक्की झाल्याशिवाय तिच्यावर बेत आखू नये.

बेलीझ: अवशेष एकीकडे, प्राणी दुसरीकडे

काराकोलची कना ही वास्तू सुमारे ४३ मीटरची, आजही देशातल्या सर्वांत उंच मानवनिर्मित रचनांपैकी. पश्चिम बेलीझमधल्या सान इग्नासिओ गावाहून ती दिवसभराची सहल आहे. पूर्वी कुप्रसिद्ध असलेला रस्ता आता बराचसा पक्का झाला आहे. परतताना पाइन रिजमधल्या नैसर्गिक कुंडांत डुंबता येतं. २०२५ मध्ये या नगरीच्या पहिल्या राजाची ('ते काब चाक' हे त्याचं नाव) समाधी सापडल्याचं जाहीर झालं. वेळ कमी असेल तर शुनानतुनिच: हाताने चाक फिरवून चालणाऱ्या तराफ्याने मोपान नदी ओलांडायची आणि सुमारे ४० मीटरच्या वास्तूवर चढायचं. अर्ध्या दिवसात होतं.

जॅग्वारसाठी मात्र दक्षिणेला कॉक्सकोम खोऱ्यात जावं लागतं, सान इग्नासिओहून अडीच-तीन तास. १९८० च्या दशकात जॅग्वारसाठी राखून ठेवलेलं जगातलं हे पहिलं अभयारण्य. माया सेंटर गावात नोंद करून दहाएक किलोमीटर कच्च्या रस्त्याने आत जायचं. आत साध्या खोल्या आणि सामायिक स्वयंपाकघर आहे, किराणा आपला न्यायचा. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, विशेषतः ताडोब्याला जिप्सीत बसून वाघ पाहिलेल्यांना: इथे सफारी नाही. पायी चालायचं, झाडी दाट, जनावर निशाचर. चिखलात ताजा पंजा दिसला तरी दिवस सार्थकी लागला समजायचं. जॅग्वार पाहायचाच असेल तर विमानतळाकडे जाताना बेलीझ प्राणिसंग्रहालयात थांबा. तिथे जखमी, अनाथ किंवा इतरांनी सोडून दिलेले स्थानिक प्राणीच ठेवतात, आणि टेपिरही जवळून दिसतो.

हाउलरांसाठी बर्म्युडियन लँडिंगचं बबून अभयारण्य बघा. क्रिओल भाषेत हाउलरला बबून म्हणतात. १९८५ पासून गावकऱ्यांनी नदीकाठची झाडं न तोडण्याची हमी दिली आहे, जमीन त्यांचीच आहे. अवशेषांतल्या माकडांपेक्षा इथली खूप जवळून दिसतात, आणि बेलीझ सिटीहून अर्ध्या दिवसात होतं. लाल मकाव हवे असतील तर जानेवारी ते मार्च रेड बँक गाव. इतर महिन्यांत फेरी वाया जाते.

आक्तुन तुनिचिल मुक्नाल या गुहेचं तिकीट बरेचजण हौसेने घेतात. पोहत आत शिरावं लागतं, मार्गदर्शकाशिवाय प्रवेश नाही, २०१२ पासून कॅमेऱ्याला बंदी आहे (एका पर्यटकाचा कॅमेरा प्राचीन कवटीवर पडला होता). आत बूट काढावे लागतात, म्हणून मोजे न्या. गुडघे दुखत असतील किंवा बंद जागेची भीती असेल तर टाळा. जोराचा पाऊस झाला की नदी चढते आणि फेरी रद्द होते, त्यामुळे हा बेत शेवटच्या दिवशी ठेवू नका.

बेलीझ तिघांत सर्वांत महाग. बदल्यात इंग्रजी सगळीकडे चालते आणि एका अमेरिकी डॉलरला दोन बेलीझ डॉलर हा दर कायम असतो. आई-वडिलांना किंवा मुलांना घेऊन जाणाऱ्यांना हे सुख मोठं आहे.

दोन देश जोडायचे तर

सान इग्नासिओ आणि टिकाल ही जोडी सर्वांत सोपी. सीमा सान इग्नासिओपासून पंधराएक किलोमीटरवर, पुढे टिकालला साधारण दोन-अडीच तास. बेलीझ जमिनीच्या सीमेवरून बाहेर पडताना सुमारे २० अमेरिकी डॉलर शुल्क घेतं. सात-आठ दिवस असतील तर तीन रात्री सान इग्नासिओ, दोन टिकाल, दोन कॉक्सकोम, हा क्रम बसतो. कालाकमुल यात घुसवायचा प्रयत्न करू नका, प्रवासातच दिवस जातात. त्याला वेगळे चार दिवस द्या.

अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टधारकांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. ग्वातेमाला आणि बेलीझच्या सवलतींचे नियम वेगळे आहेत, तिकीट काढण्याआधी त्या देशांच्या वकिलातीकडून लेखी घ्या. मुंबईहून अमेरिकेमार्गे जाताना नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. ह्यूस्टन-डॅलसकडच्या मराठी मंडळींना हा प्रश्न नाही, तिथून थेट विमानं आहेत. सहलीत पनामा किंवा कोलंबिया जोडणार असाल तर पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या. प्रमाणपत्राशिवाय परतल्यास भारतात विलगीकरणाची वेळ येऊ शकते.

पाऊस साधारण जून ते नोव्हेंबर, वादळांचा काळही तोच. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा सुखद, पण नाताळात हॉटेलं भरतात. एप्रिल-मेमध्ये उष्मा असह्य होतो.

कोणत्याही महिन्यात लांब पँट मोज्यांत खोचा. गवतातून चालल्यावर गोचिडी आणि चिगर नावाचे सुईच्या टोकाएवढे किडे लागतात, त्याची खाज आठवडाभर जात नाही. अवशेषांवर बसण्याआधी दगड पाहून घ्या, हात न बघता फटीत घालू नका. बार्बा आमारिया हा विषारी साप याच भागातला आहे.

शाकाहारींसाठी: शिजवलेल्या काळ्या घेवड्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते, तामालेतही (वाफवलेल्या मक्याच्या पिठाचा पदार्थ). मैद्याच्या पोळीत बहुधा असते, मक्याच्या साध्या तोर्तियात सहसा नसते. ऑर्डर देताना 'सिन मान्तेका, सिन कार्ने' असं दोन्ही सांगा, कारण नुसतं 'मांस नको' म्हटलं की चरबी राहते. बेलीझच्या राजमा-भातात खारवलेली डुकराची शेपटी टाकायची पद्धत आहे, तिथेही आधी विचारा.