पिकअपची चीं-चीं: क्रॉस, सेंटर बेअरिंग आणि वाढवलेला पाटा, काही महिन्यांच्या वापरानंतर

दीड टनी डिझेल पिकअप. ताकद मागच्या चाकांना, मागे पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या), आणि गिअरबॉक्सची ताकद मागच्या अॅक्सलला नेणारा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा. पिंपळगावहून टोमॅटोचे क्रेट भरून कसारा घाटाने वाशी मार्केट आणि परतीला बहुतेक रिकामा हौदा, अशी हिची ड्यूटी. पावसाळ्याच्या तोंडावर दोन क्रॉस (शाफ्टचे कोनात वळणारे सांधे) आणि सेंटर बेअरिंग (शाफ्टला मधे आधार देणारं) बदललं, मागचा वाढवलेला, म्हणजे जादा घातलेला, पाटा काढला. आता द्राक्षाचा हंगाम चालू आहे आणि तो आवाज परत आलेला नाही. काय केलं आणि त्यातलं काय टिकलं, ते सविस्तर.

तक्रार अशी: रिकाम्या गाडीत दहा-वीसच्या वेगात चिमणीसारखी चीं-चीं. चाळीसच्या आसपास खालून घूंऽ घूं आणि फ्लोअरला थरथर. माल भरला की चीं-चीं जवळपास गायब. प्रेशरने गाडी धुतली की थोडे दिवस शांतता, मग पुन्हा तेच. एका गॅरेजात फक्त ऐकून ‘हाऊसिंग खोलावं लागेल’ असं सांगण्यात आलं. हाऊसिंगमधल्या क्राऊन-पिनियनचं (मागच्या अॅक्सलच्या मुख्य गिअरजोडीचं) काम म्हणजे पाच आकडी बिल, आणि सेटिंग चुकलं तर नसलेला आवाजही पदरात पडतो. म्हणून आधी चाचण्या.

फुकटात तपासता येतं ते पहिलं. फाळक्याच्या कड्या आणि साखळ्या, ताडपत्रीचे हूक, स्टेपनीचा कॅरिअर, जॅक-पान्यांची पिशवी, सायलेन्सरचे लटकते रबर. रिकाम्या पिकअपचे निम्मे आवाज इथेच सापडतात. फाळका उतरवून ठेवून एक चक्कर मारली तरी बरंच कळतं.

मग न्यूट्रल. ओझरकडच्या सरळ पट्ट्यावर, मागे कोणी नसताना, पन्नासला गिअर काढून गाडी घरंगळू द्यायची. इंजिन चालूच ठेवायचं. बंद केलं तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. आवाज तसाच राहून गाडीच्या वेगाबरोबर उतरत गेला, तर इंजिन आणि क्लच यादीतून बाद. उरतात शाफ्ट, हाऊसिंग, चाकांची बेअरिंगं आणि टायर. या गाडीत आवाज तसाच राहिला.

चाक की शाफ्ट हे कानाने मोजता येतं, आणि मला ही चाचणी सगळ्यात भरवशाची वाटते. चाक एकदा फिरतं तेवढ्यात शाफ्ट साधारण चार ते पाच वेळा फिरतो. दहाच्या वेगात चाक सेकंदाला सव्वा फेरीच्या आसपास, तर शाफ्ट पाच-सहा फेऱ्या. टक… टक… असा मोजता येणारा आवाज असेल तर चाक, ड्रम किंवा टायरमध्ये घुसलेला खडा. मोजता न येण्याइतकी भरभर चीं-चीं असेल तर शाफ्ट. सुट्टीच्या दिवशी अंबड-सातपूर एमआयडीसीत रिकामे रस्ते मिळतात. कंपाउंडच्या भिंतीलगत काच खाली करून चालवलं की आवाज भिंतीवर आपटून स्पष्ट परत येतो.

चाकाचं बेअरिंग असेल तर ते वळणावर बोलतं. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा गुणगुण वाढली तर संशय उजव्या बेअरिंगवर. हाऊसिंगचा आवाज अॅक्सिलरेटरवर ठरतो: दाबल्यावर एक सूर, सोडल्यावर दुसरा. आणि डांबरी रस्ता संपून काँक्रीट लागताच सूर बदलला तर तो टायरच. इथे तिन्ही नव्हते. तरी हाऊसिंगचा लेव्हल प्लग उघडून पाहिला. गाडी सपाट जागी असताना तेल भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं हवं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळी लुकण आली तर ठीक, चकाकणारे तुकडे आले तर मात्र खोलायलाच हवं. इथे फक्त लुकण होती.

खाली जाताना गाडी अॅक्सलखाली घोड्या (आधाराचे स्टँड) लावून उचला. चेसिसवर उचलली तर अॅक्सल लोंबकळतो, शाफ्टचे कोन बदलतात आणि जो आवाज शोधतोय तोच गायब होतो किंवा भलताच निर्माण होतो. दोन खांबी लिफ्टवर म्हणूनच निदान फसतं. पुढच्या चाकांना ठोकळे, गिअर न्यूट्रल, मग शाफ्ट हाताने फिरवायचा आणि प्रत्येक क्रॉसला पिळा देऊन पाहायचा. खेळ जाणवलाच नाही तरी क्रॉस चांगला आहे असं धरू नका. सुकलेल्या क्रॉसला आधी खेळ येत नाही, आधी आवाज येतो. क्रॉसच्या टोकांवरच्या कपाच्या (टोपीच्या) सीलभोवती तांबूस पूड दिसली की समजावं, आतलं ग्रीस संपलंय. धुतल्यावर आवाज थांबत होता त्याचं कारण हेच: पाण्याने कपातल्या बेअरिंगच्या बारीक सुया तात्पुरत्या ओल्या होत होत्या आणि नंतर जास्त गंजत होत्या.

सेंटर बेअरिंगजवळ शाफ्ट धरून वरखाली हलवला तर रबर धातूपासून सुटलेलं दिसलं. चाळीसची घूं घूं तिथली. शाफ्ट काढल्यावर बेअरिंग बोटाने फिरवलं तर आत वाळू असल्यासारखा खरखराट.

काढण्याआधी खुणा हव्यातच. फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जोडायची चकती) आणि स्लिप जॉइंटच्या (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा दातेरी सांधा) दोन्ही भागांवर रंगाने रेघ मारा; खडूची रेघ डिझेलने धुतली की जाते. कारण असं: कोनात फिरणारा क्रॉस दर फेरीला दोनदा शाफ्टला पुढे-मागे ओढतो. पुढच्या टोकाला झालेली ही ओढाताण मागचा क्रॉस खोडून काढतो, पण दोन्ही टोकांचे कान (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत असतील तरच. स्लिप जॉइंट एक-दोन दात चुकून बसला, तर नवे कोरे पार्ट टाकूनही गाडी थरथरते, आणि मग उगाच बॅलन्सिंगवर पैसे जातात.

जुना क्रॉस निघाल्यावर त्याच्या दांड्यावरून नख फिरवून पाहण्यासारखं असतं. सुयांचे ठसे ओळीने उमटलेले होते, प्रत्येक ठशात नख अडकत होतं. सुया पूर्ण फिरत नाहीत, त्याच त्या जागी डुलतात आणि तिथेच खड्डे पाडतात.

नवा घेताना जुना बरोबर न्या आणि कपाचा व्यास व कपापासून कपापर्यंतची लांबी व्हर्नियरने जुळवा. डोळ्यांना सारखे दिसणारे दोन क्रॉस मिलिमीटरच्या फरकाने वेगळे असतात. ग्रीस भरायचं निपल असलेलाच घ्या. सीलबंद क्रॉस आपल्या चिखला-धुळीत संपला की फेकण्यापलीकडे इलाज नाही.

बसवताना कप व्हाइसमध्ये दाबून बसवावेत, हातोड्याने नाही. कान वाकडा झाला तर शाफ्टच भंगारात. सगळ्यात जास्त वेळ खाणारी भानगड म्हणजे एखादी सुई कपाच्या तळाशी आडवी पडते. कप थोडा बाहेर राहतो आणि सर्क्लिप (कप अडवून धरणारी रिंग) खाचेत बसत नाही. तिथे जोर करू नका, कप काढा, सुया ग्रीसने भिंतीला चिकटवा आणि परत घाला. चारही सर्क्लिप बसल्यावर कानांवर तांब्याच्या हातोडीने हलके ठोके द्यायचे, म्हणजे क्रॉस मोकळा होतो. हाताने सर्व बाजूंना सारखा वळला पाहिजे. एकाच बाजूला अडत असेल तर तो लवकर मरणार. मग लिथियम ईपी-२ ग्रीस, चारही सीलमधून बाहेर डोकावेपर्यंत. तीनच सीलमधून आलं तर चौथ्या कपापर्यंत ग्रीस पोचलेलंच नाही.

सेंटर बेअरिंग ब्रॅकेट-रबरासकट बदललं. त्याचे दोन बोल्ट आधी ढिले ठेवून गाडी चाकांवर उतरवली, थोडी पुढे-मागे ढकलली आणि मग आवळले. गाडी वर असतानाच आवळलं तर रबर कायमचं पिळलेलं राहतं. मागच्या फ्लँजला नवे नायलॉक नट.

इथपर्यंतचं काम कोणताही बरा फिटर करतो. मूळ दुखणं पाट्यात होतं. नाशिक जिल्ह्यात पिकअप घेतली की पहिल्याच महिन्यात मागे एक पाटा वाढवायची पद्धत आहे. वीस किलोच्या हिशोबाने ७५ क्रेट म्हणजे दीड टन, आणि लोक तिथे थांबत नाहीत. पण वाढीव पाट्यामुळे रिकामी गाडी मागून उचललेली राहते, शाफ्ट जास्त उतरता होतो आणि सांध्यांचे कोन वाढतात. रिकाम्यात आवाज, भरलेल्यात शांतता, याचा अर्थ हाच. मोबाइलमधल्या कोन मोजायच्या अॅपने हे ताडता येतं: फोन शाफ्टच्या दोन्ही तुकड्यांच्या नळीवर एकेकदा आणि पिनियनच्या आसाला समांतर एकदा. सांध्याचा कोन तीन अंशांच्या आत आणि मागच्या तुकड्याच्या दोन टोकांतला फरक एका अंशाच्या आत, हा सर्वसाधारण नियम. इथे दोन्ही ओलांडलेले होते. नुसतं बेअरिंग बदलून गाडी सोडली असती तर नवं रबरही त्याच वाटेने गेलं असतं.

पाटा काढताना पाटे अॅक्सलला आवळणारे जुने यू-बोल्ट परत वापरू नका. ते ताणलेले असतात आणि पाटा कमी झाल्यावर त्यांचे आटे पुरत नाहीत. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्टही नवा. भरलेली गाडी दोनतीनशे किलोमीटर चालली की यू-बोल्ट पुन्हा आवळायचे. हे राहिलं तर अॅक्सल सरकतो आणि गाडी तिरकी पळते.

वापरातला फरक: इगतपुरीच्या पावसात आणि द्राक्षबागांच्या बांधावरच्या चिखलात गाडी भरपूर फिरली, क्रॉस गप्प आहेत. चाळीसची थरथर पूर्ण गेली. रिकाम्यात मागचे दणके कमी झाले, क्रेटची मोडतोडही. तोटा एवढाच की आता पासिंगपेक्षा (मंजूर वजनापेक्षा) जास्त माल भरता येत नाही, मागचा भाग लगेच बसतो. धंद्याच्या दृष्टीने काहींना हे परवडणार नाही. त्यांनी निदान पिनियनचा कोन जुळवायला पाट्याखाली योग्य पाचर टाकून घ्यावी.

एक आवाज शिल्लक आहे. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना एकदाच ‘टक्’. तो स्लिप जॉइंटच्या झिजलेल्या दातांचा आहे, क्रॉस बदलून जात नाही. ग्रीस मारलं की काही दिवस कमी होतो. चालवायला धोका वाटत नाही, पण त्या जॉइंटची बाही हाताने डावी-उजवी पिळून खेळ अधूनमधून तपासतो. वाढला तर बाही आणि दात असलेलं टोक जोडीनेच बदलावं लागेल. प्रेशरवाल्याला मात्र सांगून ठेवलंय की पाण्याचा झोत क्रॉसच्या सीलवर मारायचा नाही, आणि प्रत्येक धुण्यानंतर क्रॉसच्या दोन निपलना आणि स्लिप जॉइंटच्या एका निपलला ग्रीस गन लागते.