लॉनखालची स्प्रिंकलर लाइन तुटली : जोड, नवा पाइप की रेन पाइप? आणि पैसे कोणी द्यायचे?

सोलापुरात हे बहुतेकदा दिवाळीच्या आसपास उघडकीस येतं. पावसाळ्यात लॉनला पाणी द्यावं लागत नाही, स्प्रिंकलर बंद असतात. मधल्या काळात कधीतरी केबलवाले चर खणून जातात, शेजारी कंपाउंडचा पाया घेतात, नाहीतर सोसायटी ड्रेनेजची लाइन बदलते. ऑक्टोबरमध्ये बोअर चालू करून व्हॉल्व्ह उघडला की गेटकडची नोझल उठतच नाहीत आणि कोपऱ्यात चिखल वर येतो. तोवर चर बुजलेला असतो, मुकादम दुसऱ्या साइटवर गेलेला असतो आणि खर्च कोणाच्या गळ्यात घालायचा हा प्रश्न तुमच्यापुढे उभा राहतो.

इथे निर्णय दोन आहेत: दुरुस्ती कशी करायची आणि पैसे कोणाकडून घ्यायचे. हे दोन्ही एकात कालवले की भांडण लांबतं. मला पटलेला हिशोब असा: मोडण्याआधी जे होतं ते पुन्हा उभं करायचा खर्च मोडणाऱ्याचा. त्या निमित्ताने लाइन आणखी चांगली करून घ्यायची असेल, तर वरचा खर्च तुमचा. तुटलेला ४ केजी दाब सोसणारा पाइप काढून ६ केजीचा टाकायचा असेल तर जरूर टाका, पण फरकाचे पैसे केबलवाल्याकडे मागू नका. दाब किती ते पाइपवर छापलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा.

जोड की अख्खा तुकडा?

हे ठरवायला तुटलेली टोकं बघा. कुदळ किंवा पहार लागली असेल तर घाव एका जागी असतो: भोक, नाहीतर एक तडा. जेसीबीच्या दातात पाइप सापडला असेल तर तो आधी ओढला जातो, मग तुटतो. अशा वेळी डोळ्यांपुढची तूट जोडून काम संपत नाही, कारण पुढच्या टीचा किंवा एल्बोचा जोडही ढिला झालेला असू शकतो आणि तो मातीखाली दिसत नाही. कुदळीच्या घावाला जोड पुरतो. जेसीबीने ओढलेल्या पाइपला जवळच्या जोडापर्यंतचा अख्खा तुकडा बदलावा, असं माझं स्पष्ट मत आहे. हा खर्चही मोडणाऱ्याचाच, कारण नुकसानच तेवढं झालेलं असतं.

पीव्हीसीच्या सब-मेनला, म्हणजे मुख्य पाइपातून फुटणाऱ्या जाड पाइपला, जोड देताना खरी अडचण जागेची असते. पाइप दोन्हीकडून मातीत रुतलेला असतो. एका टोकाला सॉकेट बसतो, पण दुसऱ्या टोकाला पाइप मागे सरकायला वाव नसतो. चांगला मिस्त्री दोन्ही बाजूंना दोन-तीन फूट माती काढतो, पाइप थोडा उचलून वाकवतो आणि तुकडा आत बसवतो. नाहीतर सरकणारा रिपेअर कपलर किंवा युनियन वापरतो. घाईतला मिस्त्री पाइपचं टोक जाळावर तापवून फुगवतो आणि त्यात दुसरं टोक कोंबतो. तिथे पाइपची भिंत पातळ होते आणि पंपाचा दाब आला की तीच जागा पुन्हा फुटते. हे काम सुरू असताना शेजारी उभं राहा आणि तसं करू देऊ नका.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. लाइनच्या उंच भागातलं उरलेलं पाणी तासभर खड्ड्यात झिरपत राहतं. ओल्या पाइपवर चिकटवायचं सोल्युशन धरत नाही. आधी सगळ्यात खालच्या नोझलमधून लाइन रिकामी करा, टोकं कोरड्या फडक्याने पुसा, पॉलिश पेपर मारा, मग सोल्युशन लावा. जोड रात्रभर तसाच ठेवून सकाळी पाणी सोडलेलं उत्तम. काळी मऊ लॅटरल, म्हणजे नोझलपर्यंत जाणारी बारीक नळी, असेल तर काम सोपं: टोक गरम पाण्यात बुडवून नरम करायचं आणि जॉइनर दाबून बसवायचा. लायटर लावायचा नाही.

पाणी सोडण्याआधी शेवटची एंड कॅप किंवा शेवटचं नोझल काढा. तुटलेल्या जागेतून माती आत गेलेली असते. ती तशीच ढकलली तर एक पाइप दुरुस्त होतो आणि बाकीची नोझल तुंबतात. बोअरच्या क्षारांनी ती आधीच निम्मी भरलेली असतात.

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, कुठेही घर असलं तरी अंगणात काळी माती असेल तर खड्डा त्याच मातीने भरू नका. ती पावसात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये भेगाळते. त्या ओढाताणीत नवा जोड सगळ्यात आधी हलतो. पाइपच्या खाली आणि वर चार-चार बोटं वाळू किंवा चाळलेला मुरूम घाला, मग माती.

काम कोणाकडून घ्यायचं? घरचा प्लंबर पीव्हीसी नीट जोडतो, पण लॅटरल, ग्रोमेट (लॅटरल जिथे पाइपात शिरते तिथलं रबर), पाण्याच्या दाबाने वर उठणारं पॉप-अप नोझल हे त्याचं रोजचं काम नाही. सोलापूर हा द्राक्ष-डाळिंबाचा जिल्हा, ठिबक बसवणारा मिस्त्री इथे प्रत्येक तालुक्यात मिळतो. लॅटरलवाल्या लाइनसाठी त्यालाच बोलवा. शेती साहित्याच्या दुकानात विचारलं की नंबर मिळतो.

की लाइन सोडूनच द्यायची?

लाइन जुनी आहे, पाइप कडक होऊन हात लावताच तडकतो, आणि तो कुठून कुठे गेलाय हे घरात कोणालाच ठाऊक नाही, तर एक जोड देऊन तुम्ही पुढच्या गळतीची वाट बघत बसता. छोट्या लॉनला वरून रेन पाइप पुरतो. कांद्याच्या वाफ्यांत पसरतात तोच चपटा, छिद्रांचा पाइप. स्वस्त पडतो, तुटला तर डोळ्यांना दिसतो. पण गवत कापताना दर वेळी गुंडाळावा लागतो, उन्हात लवकर खराब होतो, आणि वाऱ्याच्या दिवशी निम्मं पाणी फरशीवर जातं. मोठ्या लॉनला मी तो सुचवणार नाही.

आणि लॉन महापालिकेच्या नळावर असेल, तर मी दुरुस्ती करू नका असंच सांगेन. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं आणि नळाला काही दिवसांआड मिळतं. ते गवतावर टाकणं मला पटत नाही. बोअर नसेल तर लॉन कमी करून तिथे कडुनिंब, बोगनवेल लावा.

आता पैशाचं

सगळ्यात जास्त वाद केबलच्या चरावरून होतात. मुकादमाचं वाक्य ठरलेलं असतं: “साहेब, खाली पाइप आहे म्हणून आधी सांगायचं ना!” त्यात थोडं तथ्य आहे. खोदकामाआधी कळवायचं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे सरकारी ॲप मार्च २०२३ पासून आहे, पण ते टेलिफोन, वीज, गॅस, पाणी अशा यंत्रणांच्या जाळ्यासाठी. तुमच्या लॉनची लाइन त्या नकाशावर कुठेच नाही. मात्र गवतात स्प्रिंकलरची डोकी दिसत असतील, व्हॉल्व्हची पेटी समोर असेल, तर खाली पाइप आहे हे खणणाऱ्याला समजायलाच हवं. तिथे पूर्ण खर्च त्याचा. वर काहीच दिसत नव्हतं आणि तुम्ही सांगितलंही नव्हतं, तर निम्मं-निम्मं करून मोकळं व्हावं, असं मला वाटतं.

तुटलेली जागा कंपाउंडच्या आत की बाहेर, हे त्याहून महत्त्वाचं. भिंतीबाहेरच्या पट्टीत अनेकांनी हौसेने गवत लावलंय आणि लाइनही तिथपर्यंत नेलीय. ती जागा रस्त्याची आहे. तिथे तुमचा दावा कच्चा आहे हे मान्य करून, मिळेल ती भरपाई घ्या. कंपाउंडच्या आत न विचारता खणलं असेल तर मुकादमाशी हुज्जत घालत बसू नका. केबल ज्या कंपनीची आहे तिला लेखी पत्र द्या. रस्ता खोदाईची परवानगी महापालिका देते, तिची प्रत माहिती अधिकारात मागता येते आणि काम कोणाच्या नावावर होतं ते त्यात कळतं. पण रस्ता पूर्ववत करण्यासाठी महापालिका जे पैसे भरून घेते, ते रस्त्यासाठी असतात. त्यातून तुमचा पाइप होणार नाही.

तुम्हीच बोलावलेल्या पेव्हर ब्लॉकवाल्याने लाइन फोडली, तर तुमची बाजू सगळ्यात भक्कम. शेवटच्या बिलातून ठरलेली रक्कम कापा, ती का कापली ते बिलावरच लिहा. पैसे आधीच दिलेले असतील तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, कामाचा मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. केबलवाल्याच्या बाबतीत हा रस्ता चालत नाही, कारण त्याचे ग्राहक तुम्ही नव्हता. तिथे न्यायालयात जाण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तडजोडीचा अर्ज करून बघा. एवढ्या रकमेसाठी दिवाणी दावा लावणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

शेजाऱ्यांच्या पायाखोदाईत लाइन तुटली तर सामान आणि मजुरी त्यांनी द्यावी. फक्त मागण्याआधी टेप लावून हद्द बघा. तुमचीच लाइन फूटभर पलीकडे गेलेली निघाली तर शेजारच्या काकांकडे पैसे मागायला तोंड राहत नाही.

सोसायटीच्या सामायिक बागेचा खर्च सोसायटीचा. इमारत नवी असेल तर आधी बिल्डरला लिहा: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत कामातला दोष दाखवला तर रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार त्याने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दूर करायचा असतो. मात्र पाइप उथळ टाकल्याने किंवा जोड कच्चा राहिल्याने फुटला तर तो दोष. नंतर कोणी कुदळ मारली तर नाही. भाड्याच्या बंगल्यात आधी करारात काय आहे ते बघा. काहीच लिहिलं नसेल तर वयाने कुजलेली लाइन घरमालकाची, आणि भाडेकरूने झाड लावताना फोडलेली भाडेकरूची.

मागताना काय धरायचं? सामान, मजुरी, खड्डा भरणं आणि पाणी न मिळाल्याने वाळलेली गवताची पट्टी, एवढं रास्त आहे. बोअरचं वाहून गेलेलं पाणी आणि झालेला मनस्ताप त्यात जोडला की समोरचा बाकीचंही द्यायला कचरतो.

शेवटचा पर्याय ठेकेदारच पुढे करतो: “आमची माणसं करून देतील.” शक्यतो नको म्हणा. केबल ओढणाऱ्या माणसांना पाइपची सवय नसते, आणि त्यांना दुसऱ्या दिवशी पुढच्या चौकात जायचं असतं. रोख घ्या आणि आपल्या मिस्त्रीकडून करून घ्या. तेच करणार असतील तर खड्डा उघडा असताना लाइन पूर्ण दाबावर अर्धा तास चालवून बघा, आणि ‘आता काही मागणी नाही’ या कागदावर त्यानंतरच सही करा. पावसाळ्यातही गेटसमोर कोणी कुदळ घेऊन आलेलं दिसलं, तर ते जाण्याआधी पाच मिनिटं स्प्रिंकलर चालू करून बघा. तूट त्यांच्यासमोर दिसली तर चर बुजण्याआधीच पैशाचं बोलणं होतं.