वकिलाविरुद्ध दाद : बार कौन्सिल की भरपाईचा दावा?

वकिलाने फसवलं म्हणून ग्राहक आयोगात जायचा विचार असेल तर तो आधीच सोडा. २००७ साली राष्ट्रीय आयोगाने वकिलांना ग्राहक कायद्याखाली आणलं होतं, पण १४ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. डॉक्टरवर तिथे जाता येतं, वकिलावर नाही. उरल्या दोन वाटा. एक, अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ च्या कलम ३५ खाली बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांना सनद देणाऱ्या संस्थेकडे, तक्रार. दुसरी, दिवाणी कोर्टात नुकसानभरपाईचा दावा.

आमचा सातारा जिल्ह्यातला वाटणीचा दावा. वादी गैरहजर म्हणून तो कधीच काढून टाकला गेला होता, आणि वकीलसाहेब मात्र ‘पुढची तारीख पडली’ सांगून खर्चाला पैसे नेत होते. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर केस शोधली तेव्हा खरं काय ते कळलं. अशा वेळी राग बाजूला ठेवून आधी नवीन वकील गाठायचा. दावा पुन्हा फाइलवर घ्यायच्या अर्जाला मुदत ३० दिवसांची. ती उलटली असेल तर सोबत विलंबमाफीचा अर्ज. जुना वकील ‘फी बाकी आहे’ म्हणून कागद अडवत असेल तर ऐकू नका, फीसाठी फाइल अडवता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगून ठेवलंय.

आता भरपाईच्या दाव्याबद्दल आधी बोलतो, कारण पैसा मिळाला तर तिथेच. बार कौन्सिल वकिलाला समज देईल, सनद काही काळ निलंबित करेल, फारच झालं तर काढून घेईल. झालेलं नुकसान काही भरून देणार नाही. दाव्यात ती आशा तरी आहे. मागाल त्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते, ते ठीक. साताऱ्यात वकिलाविरुद्ध वकील मिळणं अवघड, तेही खरं. रोज एकाच बार रूममध्ये चहा पिणारी माणसं. पण बाहेरगावचा कोणी तरी मिळतो. माझं घोडं अडलं ते दुसरीकडेच.

भरपाई मागायची तर ‘याने नीट काम केलं असतं तर आमचा दावा मंजूर झाला असता’ हे दाखवून द्यावं लागतं. म्हणजे मूळ भांडण नव्याने लढायचं, आणि समोर कोण, तर ज्याला आपण फेरफारातला घोळ, आजोबांनी कुठल्याशा कागदावर उठवलेला अंगठा, चुलत्यांशी झालेली तोंडी बोलणी, सगळं विश्वासाने सांगितलं तोच. तो कैफियतीत, म्हणजे कोर्टातल्या लेखी उत्तरात, लिहिणार की वादीचं प्रकरण मुळातच कच्चं होतं, आणि का कच्चं ते मुद्देसूद लिहिणार. त्या कैफियतीची नक्कल वाटणीच्या दाव्यात समोर असलेल्या आमच्या चुलतभावाने काढली की संपलं! शिवाय एका कोर्टात ‘हिस्सा द्या’ म्हणायचं आणि दुसऱ्यात ‘हिस्सा बुडाला, भरपाई द्या’ म्हणायचं. नवीन वकिलांनी हे समजावल्यावर मी तो नाद सोडला. तुमचं मूळ प्रकरण कायमचं संपलं असेल, आता वाचवण्यासारखं काही उरलं नसेल, तर गोष्ट वेगळी. तिथे कदाचित दावाच बरा.

म्हणून मी बार कौन्सिलकडेच तक्रार केली. तिचं ऑफिस मुंबईला, फोर्टात. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं म्हणून ‘आता तक्रारही तिकडेच द्या’ असं सांगणारे भेटतात. बेंच हायकोर्टाचं आहे, कौन्सिलचं नाही. तक्रार प्रतिज्ञापत्रावर करायची. वकील लावायलाच हवा असं नाही. शिस्तपालन समितीत तिघे, आणि तिघेही वकीलच, त्यामुळे ‘आपला माणूस सांभाळतील’ ही शंका मलाही होती. निकालाआधी काही बोलू नये, पण रोजनाम्याची (कोर्टातल्या तारीखवार नोंदींची) नक्कल आणि मोबाइलवरचे ‘तारीख पडली’वाले मेसेज शेजारी शेजारी ठेवले की फार समजावून सांगावं लागत नाही, एवढं पाहिलं. कायद्याप्रमाणे वर्षभरात निकाल नाही लागला तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. निकाल पटला नाही तर तिथे अपील, ६० दिवसांत.

मात्र नुसती चूक, एखादा मुद्दा मांडायचा राहिला, केस हरलो, एवढ्यावर कौन्सिलकडे सहसा काही होत नाही. खोटं बोलणं, पैसे खाणं, कागद दाबणं असं काही हवं. निव्वळ हलगर्जीपणा असेल तर भरपाईच्या दाव्याची साधारण ३ वर्षांची मुदत लक्षात ठेवा; कौन्सिलकडे तक्रार चालू आहे म्हणून ती थांबत नाही.

आणखी एक, जे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. विलंबमाफी मागताना सगळेच वकिलावर ढकलतात, आणि मग न्यायाधीश विचारतात, एवढं होतं तर त्याच्याविरुद्ध काय केलंत? आमच्या अर्जाला कौन्सिलच्या तक्रारीची पोच जोडलेली होती. दावा परत बोर्डावर आलाय.