ताण मोजणारं घड्याळ: आठ महिन्यांनंतर

दिवाळीच्या सेलमध्ये साडेअकरा हजारांना घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ताण मोजणारी बहुतेक घड्याळं साधारण एकाच पद्धतीनं चालतात, आणि मला सांगायचंय ते त्या पद्धतीबद्दल आहे. घ्यायला कारण झाले दातांचे डॉक्टर. दाढ ठणकते म्हणून गेले, तर म्हणाले, "ताई, कीड नाहीये. झोपेत दात खाताय तुम्ही, दाढा झिजल्यात. कसलं टेन्शन आहे?" मी म्हटलं, कसलंच नाही. सांगलीत एका बँकेत एकवीस वर्षं कॅश काउंटरला बसतेय, टेन्शन असतं तर एव्हाना कळलं नसतं का?

आधी ते चालतं कसं ते सांगते. घड्याळाच्या पाठीला हिरवे दिवे असतात, ते मनगटातलं रक्त ठोक्यागणिक कसं कमीजास्त होतं ते टिपतात. आपल्या हृदयाचे ठोके घड्याळाच्या काट्यासारखे ठरावीक अंतरानं पडत नाहीत. श्वास घेताना जरा जवळ येतात, सोडताना लांबतात. माणूस निवांत असला की हा फरक जास्त, ताणात असला की कमी. त्यावरून शून्य ते शंभर असा आकडा निघतो, जितका मोठा तितका ताण जास्त. आलेखात निवांत वेळ हिरवा दिसतो, ताणाचा नारिंगी. ताण कशाचा, हे मात्र त्याला कळत नाही. होळीला तीन पुरणपोळ्या खाऊन आडवी झाले, तर आकडा ७४! भरल्या पोटी नाडी वाढते, त्याला तेवढंच दिसलं. कडक चहा, अंगातली कणकण, त्याच्या हिशेबी सगळा ताणच. यजमान बीपीसाठी नाडी संथ ठेवणारी गोळी घेतात. त्यांच्या हाताला बांधून पाहिलं तर दिवसभर हिरवंगार, आणि हे त्याच दिवशी वीजबिलावरून घर डोक्यावर घेऊन बसलेले.

पहिला महिनाभर मी खुशीत होते. बँकेच्या वेळात नारिंगी रंग जवळजवळ नाहीच. शाखेत सगळ्यांना दाखवलं, बघा, मला काही होत नाही. मग आमच्या क्लार्क मुलीनं आलेख मोठा करून विचारलं, "मॅडम, दहा ते चार इथं राखाडी पट्टा का आहे?" माहितीपत्रक काढून वाचलं. हात हलत असला की हे घड्याळ ताण मोजतच नाही, ती जागा कोरी सोडतं. मी सहा तास नोटा मोजते, शिक्के मारते. म्हणजे जिथं मोजायला हवं होतं तिथंच ते डोळे मिटून बसलं होतं, आणि मी त्या कोऱ्या जागेला शांतता समजत होते. एकदा कॅश पाचशेनं शॉर्ट आली, खिशातून भरली. जुळवाजुळव चालू असताना पट्टा राखाडी, आणि घरी येऊन टीव्हीसमोर बसल्यावर रात्री नऊपर्यंत नारिंगी. विकत घेणाऱ्यानं हे आधी जाणून घ्यावं: हे घड्याळ बसलेल्या माणसाचा ताण मोजतं, राबणाऱ्याचा नाही.

तिथून मी जुन्या डायरीत लिहायला लागले. नारिंगी दिसलं की वेळ, काय चाललं होतं आणि अंग कुठं आवळलंय. राखाडी वेळेचंही आठवून लिहायचे. दात दातांवर, डावा खांदा कानाकडे चढलेला, पायाची बोटं चपलेत मुडपलेली. हे घड्याळानं नाही सांगितलं, लिहायचं म्हणून बघावं लागलं. दोन महिन्यांनी पानं चाळली तर नारिंगी नोंदी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी जास्त. बँकेला सुट्टी, सकाळी काही काम नाही, आणि अकराच्या आसपास ऐंशीच्या वर. त्या शनिवारी पुण्याहून भावाचा फोन येतो. आईला पुढचे तीन महिने कुणी ठेवायचं, यावर आम्ही अगदी गोड आवाजात बोलतो. आकडा फोन यायच्या आधी अर्धा तास चढलेला असायचा. मी तेव्हा भाजी निवडत बसलेली नसायचे, नुसती बसलेली असायचे, म्हणून तर मोजलं गेलं.

श्वासाची सोय मात्र चांगली आहे. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, मनगटावर थरथर होते, मोजत बसावं लागत नाही. मिनिटाला सहा श्वास. सासूबाई म्हणाल्या, "यासाठी अकरा हजार? मी फुकट शिकवला असता प्राणायाम." खरंय. पण पावणेदहाला काउंटर उघडण्याआधी सासूबाई माझ्या मनगटावर नसतात. पाच मिनिटांत खांदा खाली येतो. पाचशेची तूट त्यानं भरून निघत नाही.

तक्रारी: मे महिन्यात रबरी पट्ट्याखाली पुरळ उठलं, कापडी पट्टा वेगळा घ्यावा लागला. पट्टा सैल असला की आकडे भरकटतात. ॲपमध्ये मराठी नाही. आणि सारखा आकडा बघायची सवय लागते. "तुमचा ताण जास्त आहे" असं बँकेत भर गर्दीत वाजलं की हमखास वाढतो. मी ती सूचना बंद करून टाकली.

रात्र रात्र झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही असं आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल, तर हे घेऊ नका. डॉक्टरांकडे जा, नाहीतर १४४१६ वर फोन करा. ती सरकारची टेलि-मानस सेवा, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. छातीत दुखत असताना आकडा बघत बसणारेही मी पाहिलेत.

पाचपैकी तीन. अर्धा जास्त दिला असता, पण तो डायरीचा आहे, आणि डायरी बँकेनंच फुकट दिली होती. रात्री दाताला लावायची पट्टी अजून चालू आहे. भावाशी आता मी गॅलरीत येरझाऱ्या घालत बोलते. गेल्या चौथ्या शनिवारी पहिल्यांदा म्हटलं, पावसाळाभर आई माझ्याकडे, दिवाळीनंतर तुझ्याकडे, तारीख आत्ताच ठरव. हात हलत होता, त्यामुळे त्या वीस मिनिटांचा पट्टा राखाडी आलाय.