चिनी विद्यार्थ्याने ‘बॉरो’ कोणत्या कोशात पाहावा?

चीनमध्ये इंग्रजी शिकणाऱ्यापुढे कोशांचे मुख्यतः तीन पर्याय असतात: इंग्रजी-चिनी, इंग्रजी-इंग्रजी आणि मूळ इंग्रजी व्याख्या कायम ठेवून तिच्याखाली चिनी भाषांतर देणारा दुहेरी कोश. निवड करण्यापूर्वी ‘बॉरो’ हा एकच शब्द तिन्हींत पाहावा.

इंग्रजी-चिनी कोशात त्यापुढे ‘ज्ये’ असते. अडचण अशी की ‘लेंड’पुढेही ‘ज्ये’च असते, कारण चिनीत हे क्रियापद उसने घेण्याला आणि देण्याला, दोन्हींना चालते, देण्याची दिशा स्पष्ट करायची असेल तर त्याला ‘गेई’ जोडून ‘ज्येगेई’ म्हणतात. मराठीतही ‘उसने’ एकच, दिशा ‘घेणे’ आणि ‘देणे’ यांवरून कळते. इंग्रजीत मात्र क्रियापदच बदलते, आणि हे नुसत्या प्रतिशब्दावरून उमगत नाही; म्हणून ‘कॅन यू बॉरो मी युअर पेन?’ असे वाक्य तयार होते. वाचताना अडलेल्या शब्दापुरता हा कोश पुरेसा आहे आणि वेगात त्याला तोड नाही. लिहिताना मात्र तो दगा देतो.

इंग्रजी-इंग्रजी कोशात ‘बॉरो’ म्हणजे दुसऱ्याची वस्तू परत करण्याच्या बोलीने वापरायला घेणे, असा खुलासा मिळतो आणि ‘बॉरो समथिंग फ्रॉम समबडी’ ही रचनाही. विद्यार्थ्यांसाठीच्या अशा कोशांत व्याख्यांची भाषा मुद्दाम सोपी ठेवलेली असते; लाँगमनच्या 1978 च्या कोशाने त्यासाठी सुमारे 2,000 शब्दांची मर्यादा पाळली, तर 1987 च्या ‘कोबिल्ड’ या कोशाने व्याख्याच पूर्ण वाक्यांत दिल्या. तरीही तेवढे शब्द ज्याला येत नाहीत, त्याला एका शब्दासाठी आणखी चार शब्द शोधत बसावे लागते.

मध्यम पातळीच्या विद्यार्थ्याने दुहेरी कोश घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण रचना इंग्रजीत दिसते आणि अर्थाची खात्री चिनीत होते. चिनीत दुसऱ्याच्या घरचे स्वच्छतागृहही ‘ज्ये’ करता येते. इंग्रजीत तिथे ‘यूज’ हे क्रियापद स्वाभाविक ठरते, आणि हा फरक व्याख्येतल्या ‘परत करणे’ या अटीवरून ताडता येतो. अर्थात, नजर थेट चिनी ओळीवर जाण्याचा मोह या कोशात मोठा असतो. ज्याला तो आवरत नाही आणि ज्याला परीक्षेसाठी निबंध लिहायचे आहेत, त्याने इंग्रजी-इंग्रजी कोशच घ्यावा.